माणूस की यंत्र? : अर्जाच्या दारावरील पारख

शिष्यवृत्तीचा अर्ज असो, परीक्षेचा निकाल असो की आगगाडीचे तिकीट असो, हल्ली ही कामे बहुधा संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावरच उरकावी लागतात. नाव, जन्मतारीख, इयत्ता असा सारा मजकूर भरून झाला की शेवटी एका चौकटीत वेडीवाकडी अक्षरे दिसतात आणि ती ओळखून लिहिण्याची आज्ञा होते. कधी नऊ चित्रांतून बसगाड्यांची चित्रे निवडावी लागतात, तर कधी 'मी यंत्रमानव नाही' या वाक्यापुढे खूण करावी लागते. घरातील वडीलधारी मंडळी दोनदा चुकली की वैतागून विचारतात, "आम्ही माणसे आहोत हे यंत्राला का पटवून द्यायचे?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर समजून घेण्याजोगे आहे. या परीक्षेला 'कॅप्चा' म्हणतात. ती का निर्माण झाली, कशी चालते, अर्जाला ती कशी जोडतात आणि तिच्यामुळे कोणावर अन्याय होतो, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

परीक्षेची गरज

कागदी अर्ज भरणारा मनुष्य एका दिवसात फार तर पन्नास अर्ज भरील. त्याचा हात दुखेल, शाई संपेल, खिडकीवरचा कारकूनही त्याला ओळखू लागेल. संगणकावरील अर्जाला यांपैकी कोणताच अडसर नाही. तेथे अर्ज भरणारा एखादा आज्ञासंच, म्हणजेच 'बॉट', असू शकतो. तो न थकता मिनिटाला शेकडो अर्ज धाडतो. खोटी खाती उघडणे, तिकिटे क्षणार्धात बळकावणे, जाहिरातींचा कचरा ओतणे, दुसऱ्याच्या खात्यावर एकामागून एक परवलीचे शब्द लावून पाहणे, हे सारे उद्योग त्याला सहज साधतात.

याचे एक बोलके उदाहरण १९९९ सालचे आहे. संगणकशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील सर्वोत्तम संस्था कोणती, असा कौल त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये स्लॅशडॉट या संकेतस्थळाने मागविला. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या विद्यापीठाला हजारो मते टाकणारा आज्ञासंच रचला. दुसऱ्याच दिवशी एम. आय. टी. च्या विद्यार्थ्यांनीही तसाच एक तयार केला. अखेरीस एम. आय. टी. ला २१,१५६ आणि कार्नेगी मेलनला २१,०३२ मते पडली. उरलेल्या एकाही संस्थेला हजारापर्यंत मजल मारता आली नाही. वरवर पाहता ही विद्यार्थ्यांची गंमत होती. परंतु त्या कौलात ज्यांनी प्रामाणिकपणे एकेक मत दिले होते, त्यांच्या मताला काही किंमत उरली नाही, हे ध्यानात घ्यावे. जे कौलाचे झाले, तेच शिष्यवृत्तीच्या अर्जाचे किंवा तिकिटांच्या रांगेचे होऊ शकते. रांगेत यंत्र घुसले की मागे उभा असलेला मनुष्य मागेच राहतो.

ट्यूरिंग यांची कसोटी, पण उलटी

इंग्लंडचे गणितज्ञ अ‍ॅलन ट्यूरिंग यांनी १९५० साली 'माइंड' या नियतकालिकात एक निबंध लिहून एक प्रश्न मांडला. यंत्र विचार करू शकते काय? त्यांनी एक खेळ सुचविला. परीक्षकाने पडद्याआडच्या दोघांना लेखी प्रश्न विचारावेत. त्यांतील एक मनुष्य असेल आणि दुसरे यंत्र असेल. उत्तरांवरून यंत्र कोणते हे परीक्षकाला निश्चित सांगता आले नाही, तर ते यंत्र कसोटीला उतरले असे मानावे.

कॅप्चामध्ये हीच कसोटी उलटी झाली आहे, कारण येथे परीक्षक स्वतः यंत्र आहे. गंमत अशी की, जो प्रश्न परीक्षकाला स्वतःला सोडविता येत नाही, तोच त्याने विचारावयाचा आणि तपासावयाचाही आहे. हे कसे शक्य होते? उत्तर अगदी सोपे आहे. संगणक अगोदर उत्तर ठरवितो आणि मग त्यापासून प्रश्न बनवितो. 'क७मट४' ही अक्षरे निवडून त्यांना पिळे देणे, त्यांवर रेघोट्या ओढणे यंत्राला सोपे आहे. त्या रेघोट्यांतून मूळ अक्षरे पुन्हा शोधून काढणे मात्र त्या काळी त्याला अवघड होते. गाठ मारणे सोपे, सोडविणे कठीण, तसाच हा प्रकार होय.

१९९६ साली इस्रायलचे संशोधक मोनी नाओर यांनी ही कल्पना एका टिपणात मांडली. १९९७ साली अल्टाव्हिस्टा या त्या काळच्या प्रसिद्ध शोधयंत्राला तिची निकड भासली, कारण आपापल्या पृष्ठांचे पत्ते त्याच्या यादीत घुसविण्यासाठी बॉटांची रीघ लागली होती. तेथील अँड्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्षरे वाचणाऱ्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका चाळल्या. यंत्राला नीट वाचता यावे म्हणून काय काय टाळावे याच्या सूचना त्यांत होत्या. ब्रोडर यांच्या मंडळींनी नेमके तेच सारे आपल्या चित्रांत घातले!

पुढे २००० साली याहू कंपनीच्या संकेतस्थळावर बॉटांचा उपद्रव वाढला, तेव्हा कार्नेगी मेलन विद्यापीठातील मॅन्युएल ब्लम, लुइस फॉन आन, निकोलस हॉपर आणि आय. बी. एम. चे जॉन लँगफर्ड यांनी या परीक्षेला शास्त्रशुद्ध रूप व नाव दिले. 'संगणक आणि माणूस यांना वेगळे ओळखणारी, पूर्णतः स्वयंचलित, सार्वजनिक ट्यूरिंग-चाचणी' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'कॅप्चा' हे नाव घडविले गेले.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. किल्ल्याच्या दारावर पहारेकरी परवलीचा शब्द विचारीत असे. त्याचा हेतू 'तू आमच्यापैकी आहेस काय' हे जाणण्याचा होता. कॅप्चाला तुम्ही कोण आहात याच्याशी कर्तव्य नाही. तुम्ही मनुष्य आहात एवढेच त्याला ठरवावयाचे असते. म्हणून कॅप्चा असला तरी परवलीच्या शब्दाची गरज संपत नाही आणि परवलीचा शब्द असला तरी कॅप्चाची गरज संपतेच असे नाही.

अर्जाला कॅप्चा जोडण्याची रीत

तुमच्यापैकी काही जण संगणकाची आज्ञावली लिहिण्यास शिकत असतील. त्यांच्यासाठी ही रीत क्रमाने सांगतो. अर्ज जेथे जाऊन पोहोचतो त्या दूरच्या संगणकाला सर्व्हर म्हणतात, आणि आपल्या पुढ्यात अर्ज दाखविणाऱ्या साधनाला ब्राउझर म्हणतात.

पहिली पायरी : अर्ज मागितला जाताच सर्व्हरने यदृच्छेने काही अक्षरे निवडावीत. दुसरी पायरी : ती अक्षरे त्याने आपल्याच वहीत टिपून ठेवावीत आणि ब्राउझरकडे केवळ वाकडे केलेले चित्र व एक क्रमांक पाठवावा. तिसरी पायरी : भरलेला अर्ज परत आला की आलेले उत्तर आपल्या वहीतील उत्तराशी ताडून पाहावे. चौथी पायरी : उत्तर बरोबर असो वा चूक, वहीतील ती नोंद खोडून टाकावी, म्हणजे तेच उत्तर पुन्हा चालणार नाही. शिवाय काही मिनिटांनी ती नोंद आपोआप बाद व्हावी.

रीत सोपी आहे, पण नवशिक्यांच्या हातून चार चुका वारंवार होतात. काही जण उत्तर चित्राशेजारीच पृष्ठात लपवून ठेवतात. माणसाला ते दिसत नाही, पण पृष्ठाची संहिता वाचणाऱ्या बॉटाला लगेच दिसते. किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यासारखेच हे आहे. काही जण उत्तराची तपासणी ब्राउझरमध्येच करतात. बॉटाला ब्राउझरची गरजच नसते, तो अर्ज थेट सर्व्हरकडे धाडतो. काही जण जुनी नोंद खोडीत नाहीत. मग एका माणसाने एकदा सोडविलेल्या उत्तरावर बॉट हजार अर्ज पाठवितो. चौथी चूक मात्र बॉटाला नव्हे, माणसाला छळते. कॅप्चाचे उत्तर चुकले की भरलेला सारा अर्ज कोरा होतो. शहाण्या रचनाकाराने भरलेला मजकूर राखून फक्त नवे चित्र द्यावे.

तयार कॅप्चा पुरविणाऱ्या कंपन्यांची सेवा घेतली तरी तत्त्व हेच राहते. अशा सेवेत दोन किल्ल्या मिळतात. एक उघड असून ती पृष्ठात ठेवतात. दुसरी गुप्त असून ती फक्त सर्व्हरवर ठेवतात. परीक्षा उतरलेल्या मनुष्याच्या ब्राउझरला एक चिठ्ठी मिळते. ती खरी की खोटी हे सर्व्हरने त्या कंपनीला गुप्त किल्लीनिशी विचारावयाचे असते. गूगलच्या सेवेत ही चिठ्ठी दोनच मिनिटे आणि एकदाच चालते.

आता थोडे गणित पाहू. इंग्रजी २६ अक्षरे व १० अंक मिळून ३६ चिन्हे होतात. त्यांतून पाच चिन्हे घेतली तर ३६ चा पाचवा घात, म्हणजे ६,०४,६६,१७६ प्रकार होतात. नुसता अंदाज येथे निरुपयोगी ठरतो. उलट काही अर्जांत '७ + ५ किती?' असा प्रश्न असतो. ० ते ९ मधील दोन अंकांच्या १०० जोड्या होतात आणि त्यांपैकी १० जोड्यांची बेरीज ९ येते. तेव्हा प्रश्न न वाचताच दर वेळी '९' लिहिणारा बॉटसुद्धा सरासरीने दहांतून एकदा आत जाईल. आणि प्रश्न वाचणारा बॉट तर दर वेळीच जाईल, कारण बेरीज हीच तर यंत्राची बाराखडी!

पाठशिवणीचा खेळ

कॅप्चाचा पुढील इतिहास म्हणजे कुलूप करणारा आणि कुलूप उघडणारा यांच्यातील पाठशिवणीचा खेळ आहे. २००३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ग्रेग मोरी आणि भारतात जन्मलेले प्राध्यापक जितेंद्र मलिक यांनी एका प्रचलित कॅप्चाची ९२ टक्के चित्रे संगणकाकडून वाचवून दाखविली. २००५ च्या सुमारास असे दिसून आले की, सुटे अक्षर कितीही पिळले तरी ते ओळखण्यात संगणक माणसाहून सरस आहे. त्याची अडचण एक अक्षर संपून दुसरे कोठे सुरू होते हे ठरविण्यात आहे. म्हणून पुढच्या कॅप्चांतील अक्षरे एकमेकांना चिकटू लागली.

याच काळात फॉन आन यांना निराळाच विचार सुचला. जगातील असंख्य माणसे या परीक्षेत प्रत्येकी सुमारे दहा सेकंद घालवितात, ते श्रम सत्कारणी का लावू नयेत? २००७ साली त्यांनी 'रीकॅप्चा' सुरू केला. त्यात दोन शब्द दाखवीत. त्यांतील एक माहीत असलेला असे, तर दुसरा जुन्या छापील पानांतील, यंत्राला न वाचता आलेला असे. माहीत असलेला शब्द बरोबर आला की दुसऱ्याचेही उत्तर विश्वासार्ह धरीत आणि अनेकांची उत्तरे जुळली की तो शब्द निश्चित होई. 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्राचे जुने अंक संगणकात उतरविण्यास हे श्रम उपयोगी पडले. २००९ साली गूगलने ही सेवा विकत घेतली.

परंतु यंत्रेही शिकत होतीच. २०१४ साली गूगलनेच जाहीर केले की, अत्यंत कठीण अशी वाकडी अक्षरेही आपली यंत्रणा ९९.८ टक्के अचूक वाचते. त्याच वर्षी एका खुणेची चौकट आली. तेथे खुणेपेक्षा ती करणाऱ्या ब्राउझरचे व हाताचे वर्तन तपासले जाते. ते संशयास्पद वाटले तरच चित्रे पुढे येतात. २०१८ सालच्या आवृत्तीत तर प्रश्नच नाही. पाहुण्याच्या वर्तनावरून ० ते १ यांमधील गुण दिले जातात आणि पुढचा निर्णय अर्जाच्या मालकाने घ्यावयाचा असतो. २०२४ साली झुरिक येथील संशोधकांनी चित्रे निवडण्याची परीक्षाही संगणकाकडून पूर्णपणे सोडवून दाखविली.

आणखी एक मार्ग तर मानवीच आहे. कॅप्चा सोडवून देण्याचा धंदा करणारी मंडळी आहेत. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१० साली त्यांचा अभ्यास केला, तेव्हा हजार कॅप्चा सोडविण्याचा भाव सुमारे एक डॉलर होता. बॉट चित्र पाठवितो, दूर कोठे तरी बसलेला गरजू मनुष्य उत्तर टंकित करतो. येथे परीक्षा माणसानेच दिलेली असते, तरीही दार यंत्रालाच उघडते. यावरून एक गोष्ट सिद्ध होते. कॅप्चा म्हणजे अभेद्य तट नव्हे. तो चोराचा खर्च वाढविणारा अडसर आहे.

दाराबाहेर कोण राहिले?

रायगडच्या हिरकणीची आख्यायिका आपणा सर्वांस ठाऊक आहे. सायंकाळी दरवाजे मिटले ते शत्रूच्या भयाने. पण अडकली ती घरी तान्हे मूल ठेवून आलेली गवळण. कॅप्चाच्या बाबतीत हेच घडते. दृष्टिहीन विद्यार्थी पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनाने अर्ज भरतो. चित्रातील अक्षरे ते साधन वाचू शकत नाही, कारण यंत्राने वाचू नये म्हणूनच ते चित्र केलेले असते! त्याच्यासाठी ध्वनीचा कॅप्चा असतो खरा, पण स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली पाहणी केली, तेव्हा चित्राच्या कॅप्चाला सरासरी ९.८ सेकंद आणि ध्वनीच्या कॅप्चाला २८.४ सेकंद लागत असल्याचे आढळले. तीन माणसांची उत्तरे परस्परांशी जुळण्याचे प्रमाण चित्रात ७१ टक्के होते, ध्वनीत केवळ ३१ टक्के. जेथे डोळस माणसांचेही एकमत होत नाही, तेथे नापास कोणाला ठरवावयाचे?

भारतात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, संगणकीय सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. तेव्हा दृष्टिहीनाला अर्ज भरता न येणे ही त्याची उणीव नसून अर्जाची उणीव आहे.

लिपीचाही प्रश्न आहे. आपली मराठी घरे बेळगावात कन्नड, बडोद्यात गुजराती आणि इंदुरात हिंदी यांच्या शेजारी नांदतात. या भाषांच्या अर्जांवरही कॅप्चा बहुधा रोमन लिपीतलाच असतो. ज्या आजीला मराठी पोथी अस्खलित वाचता येते, ती पाच रोमन अक्षरांपुढे 'मनुष्य' ठरत नाही! रोमनमधील शून्य आणि 'ओ', एक आणि 'एल' यांचा घोटाळा तर सुशिक्षितांनाही चकवितो. देवनागरीत कॅप्चा केला तरी 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ख' आणि 'रव' यांना वगळूनच अक्षरे निवडावी लागतील.

कमी जाचाचे उपाय

म्हणून शहाणा रचनाकार प्रथम ज्या उपायांनी माणसाला त्रास होत नाही, ते योजतो. एक उपाय सापळ्याच्या रकान्याचा. अर्जात एक जादा रकाना ठेवून तो डोळ्यांआड करावयाचा. साधा बॉट दिसेल तो रकाना भरतो आणि सापडतो. वाचनसाधन वापरणाऱ्यांसाठी त्यावर 'हा रकाना रिकामा ठेवावा' अशी सूचना अवश्य असावी. दुसरा उपाय वेळेचा. वीस रकान्यांचा अर्ज दोन सेकंदांत भरणारा मनुष्य नसतो. तिसरा उपाय मर्यादेचा. एकाच ठिकाणाहून अल्पावधीत ठरावीक संख्येहून अधिक अर्ज स्वीकारू नयेत. चौथा उपाय सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ साली नको असलेल्या टपालासंबंधी सुचविला होता. पाठविणाऱ्याच्या संगणकालाच एक छोटे गणित घालावयाचे. एक अर्ज करणाऱ्याला त्याचा खर्च जाणवत नाही, पण लाख अर्ज धाडणाऱ्याला तो लाखपट पडतो. हे सारे करूनही संशय उरला, तरच माणसाला प्रश्न विचारावा. आणि तोही न साधल्यास दूरध्वनीने किंवा समक्ष येऊन अर्ज करण्याची वाट मोकळी ठेवावी.

घरोघरी सांगण्याची गोष्ट

कॅप्चाची सवय झाल्यामुळे नवा धोकाही उत्पन्न झाला आहे. २०२४ पासून ठग खोटे कॅप्चा दाखवू लागले आहेत. 'आपण मनुष्य आहात हे सिद्ध करण्यासाठी' विंडोजची कळ आणि आर ही अक्षरकळ एकदम दाबा, मग कंट्रोल व व्ही दाबा, मग एंटर दाबा, असे त्यात सांगितलेले असते. तसे करणारा मनुष्य स्वतःच्या हाताने आपल्या संगणकात घातक आज्ञा उतरवितो. खरा कॅप्चा त्याच पृष्ठावर सुरू होतो आणि तेथेच संपतो. तो कळा दाबून आज्ञा चालवावयास सांगत नाही, काही उतरवून घ्यावयास सांगत नाही, बँकेचा परवलीचा शब्दही मागत नाही. असे काही दिसताच पृष्ठ बंद करावे आणि घरातील इतरांनाही सावध करावे.

शेवटी अभ्यासासाठी काही प्रश्न देत आहोत. वाचकांनी ते आपापसांत चर्चा करून सोडवावेत.

१. दोन अंकांच्या गुणाकाराचा कॅप्चा असल्यास (अंक ० ते ९) सर्वांत अधिक वेळा येणारे उत्तर कोणते? ते किती जोड्यांत येते?

२. कॅप्चाचे उत्तर ब्राउझरमध्ये न तपासता सर्व्हरवरच का तपासावे?

३. आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नावनोंदणीचा अर्ज संगणकावर ठेवावयाचा आहे. आपल्या वर्गातील प्रत्येकाला व प्रत्येकाच्या घरातील आजीआजोबांना तो भरता यावा आणि बॉटाला मात्र भरता येऊ नये, यासाठी वरील उपायांपैकी कोणते योजाल व कोणत्या क्रमाने? कारणे द्या.